उचलायचा नाही

मोबाइल मी हौसेनं घेतला नाही, भीतीपोटी घेतला. आदल्या वर्षी आई मेंढरांमागं हिंडताना तापानं आठ दिवस पडून होती, आणि इकडं औंढ्यात मी दोन्ही वेळा पोटभर जेवत होतो. मला कळलं ते ती उठून बसल्यावर, तेही एका गाववाल्याकडून. दिवाळी झाली की साखरा या आमच्या गावातल्या घराला कुलूप लागायचं आणि आईवडील मेंढरं घेऊन पार तेलंगणात उतरायचे, ते आखाड तोंडावर आल्यावरच परतायचे. घरात शिकलेला मी एकटाच. औंढ्याला झेरॉक्सच्या दुकानात कामाला होतो आणि घरात माझा शब्द शेवटचा असायचा.

२००७ साली जाताना त्यांचा तळ वारंगा फाट्याजवळ पडला. मी तिथं गाठून वडिलांना मोबाइलच्या दुकानात नेलं. दुकानदारानं रंगीत पडद्याचे फोन काचेवर मांडले. वडिलांनी एकेक तळहातावर तोलून पाहिला, बोकड विकत घेताना पाठ दाबून पाहतात तसा.

"काका, ह्याच्यात कॅमेरा हाय," दुकानदार म्हणाला.

"मंग काय मेंढरायचे फोटो काढू का?" वडील म्हणाले. "पडल्यावर चालंल असा दाव. अन् घडीघडी करंट मागणारा नगं."

शेवटी जाड बटणांचा, पुढं उजेडाची बॅटरी असलेला साधा फोन ठरला. चार दिवस चार्जिंग टिकतं म्हणाला. आमच्या पालावर वीज कुठली, तेव्हा हे बरोबरच होतं. तिथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो.

मग सिमकार्ड आलं. दुकानदारानं नेमका प्रश्न विचारला, "फोन ऱ्हाणार कुठं?" मी सांगितलं. तो म्हणाला, एक लाइफटाइम कार्ड आहे, एकदाच पैसे भरायचे, येणारे फोन जन्मभर फुकट. पण राज्याबाहेर गेलं की आलेला फोन उचलला तरी पैसे कटतात. दुसऱ्याला महिन्याच्या महिन्याला रिचार्ज लागतो, पण बाहेर बोलणं स्वस्त पडतं. "तुमाला दुसरंच बराबर पडंल," तो म्हणाला. मी पहिलं घेतलं. बोलायचंच कशाला, मिस कॉल आहे की! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

तळावर येऊन मी वडिलांना, म्हणजे दादांना, नियम घालून दिला. दिवसभर फोन बंद. दिवेलागणीला मेंढरं वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडली की चालू करायचा, मला एक रिंग देऊन कापायचा. म्हणजे सगळं ठीक. मी उलट एक रिंग देईन. म्हणजे कळलं. "पण दादा, उचलायचा न्हाई. काही झालं तरी न्हाई. पैसे जातेत." वडिलांकडून तीनदा म्हणून घेतलं. मास्तरापुढं पोरगं उभं राहावं तसे ते उभे होते, आणि मला त्यात मजाही वाटत होती.

"अन् काही कमीजास्त झालं तर," मी म्हणू लागलो, तर चुलीपाशी बसलेली आई ताडकन उठली आणि पिठाचा हात तिनं माझ्या तोंडावर ठेवला. बिऱ्हाड निघताना वाईट बोलायचं नाही, ही आमची रीत. बोललेलं मागं लागतं म्हणतात. माझं वाक्य अर्धंच राहिलं. त्यामुळं ठीक असल्याची खूण ठरली, ठीक नसल्याची ठरलीच नाही.

होळीपर्यंत रोज एक रिंग आली. दिवस कलला की मी फोन काउंटरवर ठेवून बसायचो. गिऱ्हाईक बोलत असलं तरी डोळा तिकडं. रिंग आली की मगच भूक लागायची.

होळीनंतर एक दिवस रिंग आली, मी उलट दिली. परत आली. वाटलं, चुकून बटण दाबलं असेल. मी परत दिली. तिसरी आली, चौथी आली. पाचवी येताच मी उचलायला बटण दाबलं, तोवर तिकडून कापलेला. शिकवलंच होतं तसं. मग मी लावला आणि धरून ठेवला. रिंग वाजत राहिली, वाजून वाजून बंद झाली. परत लावला. कुणी उचलेना. वडील कुठं पडले असतील, की फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल, की आई? आईपुढं विचार जाईना. मी वेड्यासारखा लावत राहिलो. किती वेळा लावला माहीत नाही. मग रिंग थांबली आणि एक बाई गोड आवाजात तेलुगूत काहीतरी सांगू लागली.

ती तेच तेच सांगत होती आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. आज हसू येईल, पण तेव्हा मला खरंच वाटत होतं की आईचं काय झालं ते त्या बाईला माहीत आहे. रात्र कशी काढली ते मलाच ठाऊक. उजाडताच नागनाथाच्या देवळाकडं पळालो, कारण तिथं तेलंगणातले भाविक रोज येतात. ओल्या धोतरातल्या एका म्हाताऱ्याच्या कानाला फोन लावला. त्यानं दोनदा ऐकलं. "स्विच ऑफ बोलती है," तो म्हणाला, आणि माझं तोंड पाहून त्यानं हातातला अंगारा माझ्या कपाळाला लावला.

निघायचं तर कुठं? गावाचं नावही मला माहीत नव्हतं. दुपारी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. वडील होते, दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या फोनवरून; माझा नंबर मी त्यांच्या फोनच्या पाठीवर चिकटवून दिला होता. फोनवर ओरडूनच बोलावं लागतं असं त्यांना वाटायचं.

"माय हाय तुझी. भिऊ नको. उलट्या-जुलाबानं पार गळाली होती. सकाळी वावरवाल्यानं ट्रॅक्टरवर घालून आणलं. आता सलाईन चालू हाय."

मी रडायला लागलो आणि रडता रडता चिडलो. "अन् दादा, म्या एवढे फोन लावले. उचलला काहून न्हाई?"

"तूच म्हणला होता ना, उचलायचा न्हाई."

"अवो पण माय मरून राहिली होती तिकडं!"

"व्हय," वडील म्हणाले. आता ते ओरडत नव्हते. "म्हणून तर वाजू दिला. तिच्या कानाला लावून धरला. म्हणलं, आईक, पोरगं हाय. मंग ती डोळे उघडायची. बंद पडला तवा लई भेव वाटलं."