अंगणातलं अर्थशास्त्र

परवा तव्यावर सुके बोंबील टाकले आणि पेपरात डोकं घालून ते करपवले. त्या वासानं थेट मोरा बंदरावरच्या आमच्या अंगणात नेलं. बोंबील वाळवणाऱ्या बायांत बसून मी कॉलेजचं अर्थशास्त्र मोठ्यानं पाठ करायचो. सहामाहीत नापास झालो तसा लाजेनं घरात बसून मनात वाचू लागलो. डोक्यात काही शिरेना.

शेजारची हिरामाय रडका नातू घेऊन दारात आली. "तू नापास झालास, यात पोराचा काय गुना? भायेर ये, वाच! तुझं ऐकल्याबिगर ह्यो झोपत नाय."

बाया खदखदून हसल्या. मी बाहेर आलो. पोर झोपलं, वार्षिकला मी पास झालो.

आता वाटतं, मला बाहेर काढायला मायनं नातवाला चिमटाच काढला असणार.

हे सगळं ऐकून बायको करपलेला तवा माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "चिमट्याचं माहीत नाही, पण झोपेचं खरंय. माझा रोजचा अनुभव आहे."