हाड कोणाचं, याचा कौल

माझ्या तोंडात कोणाचं हाड घालावं, हा प्रश्न आमच्या ग्रामदेवतेकडे गेला होता.

दाढा गेल्यापासून मी कुर्ल्यांचा नुसता रस पीत होतो. (बायको नांग्या फोडून खाणार आणि मी बघणार, हा काय संसार झाला!) म्हणून दातांचं इम्प्लांट बसवायला कुडाळला गेलो. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "सर, स्क्रू धरायला जबड्यात हाडच उरलेलं नाही. आधी ते भरावं लागेल. तुमच्याच हनुवटीतलं काढू. नाहीतर दात्याचं, जनावराचं किंवा कृत्रिम. विचार करून सांगा."

मी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तिथेच चुकलो.

"दात्याचा म्हणजे मेलल्या मानसाचा?" बायको किंचाळली. "खंयच्या मानसाचा?"

"अगो, निर्जंतुक केलेला असता ता!"

"आणि जनावराचा घातलात तर सोमवार कसो पाळतलात?"

हा मुद्दा मी शिकवलेल्या विज्ञानाच्या एकाही पुस्तकात नव्हता. तोंडात कायमचं हाड असलेला माणूस सोमवारी शाकाहारी धरायचा का? (हाड सगळ्यांच्याच तोंडात असतं, हे मला दोन दिवसांनी सुचलं!)

"देवाक इचारूया," बायकोने निकाल दिला.

आमच्याकडे विहिरीपासून लग्नापर्यंत सगळ्याला कौल लागतो. गुरव देवाला पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवळात अर्धा गाव जमला. गावचे मानकरी असलेल्या गावकरांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या तोंडात हाड नाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळे आनंदाने ओरडले.

"मेलल्या मानसाचा घालूचा काय?" डावी. "जनावराचा?" डावी. "कारखान्यातला?" दोन्ही एकदम पडल्या!

"देवाक समाजला नाय," गुरव म्हणाला. "मास्तर, तुमीच समजावन सांगा."

मी देवाला कृत्रिम हाड समजावून सांगितलं. (कधी नव्हे तो वर्ग शांत होता.) पाकळी ढिम्म! शेवटी "तेच्याच हनुवटेचा?" म्हणताच उजवी टपकन खाली. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. हनुवटी माझी होती.

दोन ठिकाणी कापून घ्यायची छाती करून मी पुन्हा कुडाळ गाठलं. डॉक्टर नवा स्कॅन बघून हसले. "सर, नशीबवान आहात! हनुवटीला हात लावायला नको. कृत्रिम हाडावर भागेल."

सुटलो म्हणायचं सोडून, जन्मभर कौलाला योगायोग म्हणत आलेला मी खुर्चीतून ताडकन उठलो आणि ओरडलो, "असं कसं, डॉक्टर? पाकळी उजवी पडली होती!"