सरांच्या टोपलीतल्या मेल

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर वापरणारे पुष्कळ होते, पण कॉम्प्युटर रुसला की हाक मारायचा माणूस मी एकटाच. प्रिंटर अडकला, मी. पासवर्ड विसरला, मी. प्राचार्यांच्या नातवाचा गेम चालत नाही, तरीही मीच. काम झालं की व्हरांड्यात कोणी ओळखसुद्धा द्यायचं नाही. ही तक्रार नाही. म्हणजे आहे, पण आता जुनी झाली.

वर्ध्याला नोकरीला आलो तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. नालवाडीत एक खोली घेतली, दोन वेळचा डबा लावला. माझं गाव तळेगाव, श्यामजी पंतांचं. एसटीत बसलं की जाता येण्यासारखं. पण आईवडील गेल्यावर तिथे भावाचा संसार होता, आणि पाहुण्यासारखं जाऊन पाहुण्यासारखं परत येण्यात काय मजा? रविवारी खोली खायला उठायची. मग मी सुट्टी असूनही कॉलेजात येऊन सर्व्हरच्या खोलीत बसायचो. तिथे निदान मशीनच्या पंख्याचा आवाज असायचा. लोक म्हणायचे, पोरगा कामाचा लई पक्का. पक्का कसला, मला एकटं वाटायचं.

पुढे काही वर्षांनी कॉलेजनं मेलसाठी नवा सर्व्हर घेतला आणि जुन्यावरच्या सगळ्यांच्या मेल नव्यावर न्यायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. ते काम काळ्या पडद्यावर टाइप करून करायचं असतं. एका कमांडमध्ये जुन्या सर्व्हरचं नाव, नव्याचं नाव आणि माणसाचं खातं लिहायचं आणि एंटर मारायचं. मग एकेक फोल्डर इकडून तिकडे जाताना ओळीओळीनं दिसतो. आतल्या मेल दिसत नाहीत, आणि मी बघायच्या भानगडीत पडतही नसे. दिसायची ती फोल्डरांची नावं. कोणाचं ‘घर बांधकाम’, कोणाचं ‘ताईचे स्थळ’, एका कडक शिस्तीच्या मॅडमचं नुसतंच ‘हसा’. माणसं स्टाफरूममध्ये कळत नाहीत तेवढी तिथे कळली. शेवटी माझं स्वतःचं खातं लावलं. पापणी लवायच्या आत संपलं. सगळी परिपत्रकं होती.

नव्या सर्व्हरवर जागा बेताची, म्हणून वरून हुकूम होता की ट्रॅश आणायचा नाही. ट्रॅश म्हणजे ती कचऱ्याची टोपली, जिच्यात खोडलेल्या मेल जाऊन पडतात. हुकूम मला पटलाही. नव्या घरी जाताना जुना कचरा कोणी गाठोड्यात बांधून नेतो का? मी तशी नोटीस लावली आणि कमांडमध्ये ट्रॅश वगळला.

त्याआधी एक जण मला मुद्दाम येऊन सांगून गेले होते. फिजिक्सचे सर, रिटायर झालेले. घर आष्टीच्या व्यापारी लोकांचं, पण हे एकटे शिकून मास्तर झाले. घरी इंटरनेट नाही म्हणून रोज सकाळी आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये कोपऱ्यातल्या मशीनवर येऊन बसायचे. वर्गात त्यांनी जन्मभर शुद्ध बोलून पोरांना घाम फोडला. माझ्याशी मात्र आष्टीचं बोलायचे. मी पडलो तळेगावचा, एकाच तालुक्याचा.

त्यांची बायको शेवटची दोन वर्षं पुण्याला होती, मुलीचं बाळ सांभाळायला. सरांची नोकरी संपायची होती म्हणून ते इथे. रिटायर झालो की पुण्याला जाऊ, असं ठरलेलं. बाळ दुपारी झोपलं की बाई मुलीच्या कॉम्प्युटरवरून सरांना मेल करायच्या. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. लोणचं खालीवर करा, कूलरचं पाणी बदला, शेजारच्यांची पातेली परत करा. आणि प्रत्येक मेलच्या शेवटी एकच ओळ: जेवण झालं का? सरांना रिटायर व्हायला थोडेच महिने उरले असताना बाई तिकडेच अचानक गेल्या. सर मग पुण्याला गेलेच नाहीत.

“बाबू,” ते मला म्हणाले होते, “बाकी काही राह्यलं तरी चालीन, घरच्यांच्या मेल तेवढ्या जपून आणजो. दुसरं काही नाई माह्याजवळ तिच्या हातचं.”

मी म्हटलं, “सर, तुम्ही काऊन चिंता करून राह्यले? फोल्डरच्या फोल्डर येते.”

नवा सर्व्हर सुरू झाला त्या सकाळी सर कोपऱ्यातल्या मशीनवरून उठून माझ्या टेबलाशी आले. चेहरा उतरलेला.

“माह्या मेल कुठं गेल्या?”

“सर, तुमच्या सगळ्या आणल्या. तुमचा इनबॉक्स मोकळाच होता.”

“इनबॉक्समधल्या नाई रे. टोपलीतल्या.”

मी विचारलं, टोपलीत कशाला ठेवल्या? नोटीस नाही वाचली?

“वाचली ना. कचरा येनार नाई म्हनते नोटीस. माह्याजवळ कुठं कचरा होता?”

मग त्यांनी सांगितलं. आष्टीच्या त्यांच्या दुकानात भिंतीला एक वाकवलेली तार टांगलेली असायची. टपाल आलं, वाचलं, की ते त्या तारेत ओवायचं. न वाचलेलं गादीवर, वाचलेलं तारेत. तारेतलं पत्र कोणी कधी फेकत नसे. आजोबांच्या वेळची कार्डंही तशीच. सरांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्यानं एवढंच सांगितलं होतं की वाचून झालं की या टोपलीत टाका. सरांना ते लगेच समजलं, कारण घरी तेच पाहिलेलं. बाईंची मेल यायची, सर वाचायचे आणि जपून टोपलीत टाकायचे. जुन्या सर्व्हरवर टोपली आपोआप रिकामी होत नसे, त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांच्या समजाला धक्का लागायचं कारणच पडलं नाही.

मी त्यांच्यावर चिडलो होतो. आणि नोटीस लिहिणाऱ्या स्वतःवरही, आणि हुकूम देणाऱ्यावरही. पण चिडून काय होतं? जुनं मशीन स्टोअरमध्ये नेऊन टाकलेलं होतं आणि भंगारवाला त्याच दिवशी यायचा होता. मी सरांना घेऊन पळतच गेलो. मशीन टोकाला मोडक्या बाकांखाली होतं. धूळ झटकली, ओढत सर्व्हरच्या खोलीत आणलं, वायर जोडल्या. बटण दाबलं आणि आतून टक टक असा आवाज यायला लागला. डिस्क मरायला टेकली होती.

नेहमीची कमांड लावली. थोडं चालून ती मध्येच थांबायची. पुन्हा लावली, पुन्हा थांबली. उन्हाळ्याचे दिवस, मशीन तापलेलं, आणि दुपारी लोडशेडिंग. वीज गेली की हे पुन्हा उठेल याची काही खात्री नव्हती. सरांनी एक पुठ्ठा उचलला आणि मशीनला वारा घालायला लागले. मी म्हटलं, सर, राहू द्या, त्यानं काय होणार? ते म्हणाले, “उष्णता अशीच जाते बाबू, मीच शिकोलं पोराईले.” आणि घालत राहिले.

मग मी नीटनेटकेपणाचा नाद सोडला. पद्धतशीर कॉपी करायची तर प्रत्येक मेलबरोबर तिची आल्याची तारीख आणि वाचली-न-वाचल्याची खूणही न्यायची असते. आता त्याला वेळ नव्हता. आग लागल्यावर कोणी कपड्यांच्या घड्या मोजत बसत नाही. डिस्कवरून फायली जशा निघतील तशा उपसल्या आणि एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या कमांडांची यादी, लिहून नव्या सर्व्हरवर सरांच्या खात्यात एकेक ढकलायला लावली. तारखेचं नंतर बघू. शेवटची मेल गेली, मी पडद्यावर पाहिलं, आणि थोड्या वेळानं वीज गेली. जुनं मशीन त्यानंतर कधी सुरू झालं नाही. भंगारवाला संध्याकाळी घेऊन गेला.

वीज आल्यावर सरांनी कोपऱ्यातल्या मशीनवर मेल उघडली. मी मागे जाऊन उभा राहिलो. इनबॉक्स वरपासून खालपर्यंत बाईंच्या नावानं भरलेला. सगळ्या ठळक अक्षरांत, म्हणजे न वाचलेल्या. आणि प्रत्येकीसमोर आजची तारीख.

“आज आल्या?” सर म्हणाले.

“नाई सर. घाईत टाकल्या ना, म्हणून सर्व्हरले वाटते की आत्ताच आल्या. आत उघडली की जुनीच तारीख हाय. मी नीट करून देतो.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पहिली उघडली. मी तिथून निघून गेलो, कारण मला ते बघवेना.

पुढच्या काही दिवसांत मी रिकाम्या वेळात ते काम पुरं केलं. प्रत्येक मेलला तिची खरी तारीख दिली, वाचल्याची खूण केली, वेगळं फोल्डर करून त्यात घातल्या. नाव दिलं ‘तार’. मोठ्या हौसेनं सरांना दाखवलं. ते म्हणाले, “छान केलं.” पण त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं की काहीतरी बिनसलं. नंतर त्यांचं येणं कमी झालं. मी मनात म्हटलं, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

दिवाळी होऊन गेल्यावर एकदा ते आले. दुसरं कोणी नव्हतं. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि पेपरवेट फिरवत राहिले.

“बाबू, त्या दिवशीसारखं पुन्हा करता येते का?”

“कोणत्या दिवशीसारखं?”

“त्या आजच्या आल्यासारख्या दिसत होत्या ना.”

मला खरं तर रागच आला. इतकं नीट लावून दिलेलं. मी म्हटलं, “सर, तुम्ही फिजिक्सचे. ते काही खरं नोहोय.”

“मले मालूम हाय,” ते म्हणाले. “खरं पाहाले घरी रिकामी खोली हाय माह्याजवळ. येथं थोडंसं दुसरं पाह्यलं तर तुह्यं काय जाते?”

रिकामी खोली माझ्याकडेही होती. तीच जुनी स्क्रिप्ट काढली, आणि या वेळी समजून उमजून तारखा वगळल्या. मेल एकेक करून नव्यानं आल्या. सर कोपऱ्यातल्या मशीनवर जाऊन बसले. “आल्या,” असं हळूच म्हणाले, मला नव्हे.

त्यानंतर ते रोज एक वाचायला लागले. एके दुपारी माझ्याकडे सर्व्हरची एक नोटीस आली. न पोचलेल्या मेलचं असं असतं की ती पाठवणाऱ्याकडे परत जाते आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे तिची प्रत येते. सरांनी बाईंना उत्तर पाठवलं होतं. बाईंचं खातं कधीच बंद पडलेलं. पत्ता सापडत नाही, असं म्हणून ती मेल परत आली होती, आणि खाली सरांनी लिहिलेलं सगळं होतं. जेवलो. वांग्याची भाजी केली, मीठ जास्त पडलं.

ती नोटीस सरांपर्यंत जाऊ नये असं मला वाटलं. त्यांच्या खात्यात पडलेली ती त्यांनी बघायच्या आत मी काढून टाकली आणि पुढच्या तिथे जाण्याआधीच अडवल्या. माझ्याकडे मात्र येत राहिल्या. ज्या खात्यात आजवर परिपत्रकांशिवाय काही आलं नव्हतं, त्यात आता रोज दुपारी एक मेल यायची. जेवलो, वरणभात. जेवलो, आज भूक नव्हती. मी डबा समोर ठेवून बसायचो आणि ती आली की उघडायचो. दुसऱ्याचं वाचू नये हे मला कळत होतं. तरी वाचायचो.

आपण सरांना काही कळू दिलं नाही, असं मी समजत होतो. पण फिजिक्सच्या मास्तराला हे कळणार नाही होय? बंद पत्त्यावर टाकलेली मेल परत यायला हवी. यांच्याकडे एकही परत येत नव्हती. म्हणजे मध्ये कोणीतरी थांबवतंय. उन्हाळ्यातल्या एका दुपारी नोटीस आली, नेहमीसारखीच. पत्ता सापडत नाही. खाली सरांचा मजकूर: जेवलो. भेंडीची भाजी, पोळी.

त्याच्याखाली एक ओळ मोकळी होती, आणि मग लिहिलं होतं: बाबू, तुह्यं जेवण झालं का?

डबा समोरच होता. तो उघडायच्या आधी मी उत्तर लिहायला घेतलं.