झेंडूची माळ

झेंडू आणि कापूर यांचा वास एकत्र आला की माझा घसा आजही जळजळतो. चाकणला इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये मी कामाला होते आणि त्या दिवशी खंडेनवमी होती. चार्जिंगच्या खोलीत रांगोळी मीच काढली, ती उडू नये म्हणून पंखाही मीच बंद केला आणि बॅटरीला जोडलेल्या चालू पॉवर सप्लायला झेंडूची माळ घातली. थोड्या वेळानं हळदकुंकू घेऊन परत आले, तर आत घशाला झोंबणारा वास, आणि बॅटरी भाताच्या पातेल्यासारखी खदखदत होती. चौदा व्होल्टवर ठेवलेला आकडा एकोणीसवर गेला होता; गाठ मारताना माळेचा दोरा अडकून व्होल्टेजचा नॉब फिरला होता. बॅटरीला लावलेला वायरचा चिमटा ओढला असता तर ठिणगी पडून, बॅटरीतून निघून खोलीत साठलेला गॅस पेटला असता. तेवढ्यात मालकांची आई पेटता कापूर घेऊन दारात आली, मागे सगळे टाळ्या वाजवत आरती म्हणत होते. मी धावले आणि ती ज्योत तळहातानं दाबून विझवली. "अगं बया, आरती इझवलीस व्हय गं!" आजी ओरडल्या. मी खदखदणाऱ्या बॅटरीकडे बोट दाखवलं. आमच्या मिस्त्री चाचांनी वास घेतला आणि बाहेर पळत जाऊन मेन स्विच बंद केला. "आजी, पोरीनं आज सगळ्यांना वाचवलं," ते म्हणाले. आजींनी माझा भाजलेला हात आपल्या कपाळाला लावला. तळहातावरच्या डागाबद्दल आजही कुणी विचारलं, तर मी आरतीची गोष्ट सांगते. माळेची अजून कुणालाच सांगितलेली नाही.