तीन मिनिटं सहा सेकंद

गच्चीवरची टाकी धुताना पाणी सांडलं आणि गेरूने आखलेला जुना चौकोन फरशीवर पुन्हा दिसू लागला. लॉकडाऊनच्या वर्षी आमच्या कॉलनीने मोबाईलवर नृत्यस्पर्धा भरवली होती. व्हिडिओ तीन मिनिटांचा, त्याहून जास्त चालणार नाही, असा कॉलनीच्या सेक्रेटरीचा नियम होता. लग्नाआधी गॅदरिंगमध्ये नाचलेली माझी बायको दुखऱ्या गुडघ्याने सोळा दिवस या चौकोनात शेवटची गिरकी घोटत होती. माहेरचा, सिल्लोडचा रस्ता बंद होता आणि तिथे असलेल्या आपल्या आईला तिला ती गिरकी दाखवायची होती. व्हिडिओ भरला तीन मिनिटं सहा सेकंद. "राहू द्या ना हो, कोण घड्याळ घेऊन बसलंय तिथं," ती म्हणाली. मी शेवटचे सहा सेकंद कापले आणि मोबाईलमध्ये जागा नाही म्हणून मूळ व्हिडिओही पुसून टाकला. पहिला नंबर आला सेक्रेटरीच्या सुनेचा. सात मिनिटं नुसते हातवारे, त्यातली दोन मिनिटं तर त्यांचं कुत्रंच दिसत होतं. मी फोन केला, तर स्वतःच परीक्षक झालेला तो सेक्रेटरी म्हणाला, "भाऊ, मिनिटं काय मोजता, लाईक बघा की. आणि वहिनी शेवटी मधेच का थांबल्या?" असल्या फडतूस माणसाचा नियम कॉलनीत मी एकट्यानेच पाळला होता. सासूबाईंकडेही तोच व्हिडिओ गेला. आजही तो लावला की त्यात बायको पदर खोचते, उजवा पाय उचलते आणि बरोबर तीन मिनिटांवर पडदा काळा होतो.