तिसरी हंडी

नागपूरच्या नंदनवन वस्तीतले श्रीधरराव म्हणजे काही मोठी असामी नव्हती. हिंगण्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळता सांभाळता जन्म गेला. शिफ्ट सुटली की बाकीचे घराकडे पळायचे आणि हे मोटरसायकल काढून कुठल्या ना कुठल्या सावजी भोजनालयात जाऊन बसायचे. त्यांचा सगळा पराक्रम एवढाच. पण त्या पराक्रमावर त्यांनी असा काही रुबाब जमवला की रिटायर झाल्यावर कंपनीच्या साहेबांना कुत्रं विचारेना आणि श्रीधररावांचा फोन दिवसभर वाजत राहायचा.

त्याला कारण 'तर्री मंडळ'. हा व्हॉट्सअॅपवरचा ग्रुप. नागपुरातले झाडून सगळे खादाड त्यात होते. वकील, बँकवाले, लकडगंजचे व्यापारी, कोणाची तरी सासू, कोणाचा तरी जावई. खरी भिवापुरी मिरची इतवारीतल्या कोणत्या गल्लीत मिळते, जवसाचं तेल डोळ्यांसमोर घाण्यावर कोण काढून देते, सदरमधल्या कोणत्या बारमध्ये चखण्याची कलेजी ताजी असते आणि कोणत्या बारवाला कालचीच गरम करून माथी मारतो, सकाळपासून हीच चर्चा. कोणी काहीही टाकलं तरी शेवटी प्रश्न ठरलेला: काका काय म्हणतात? काकांनी, म्हणजे श्रीधररावांनी, 'जा' म्हटलं की त्या रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. काकांनी नाक मुरडलं की मालकाने समजून जावं.

केयूरला ते चांगलं समजलं होतं. लकडगंजच्या धान्याच्या व्यापाऱ्याचा हा पोरगा. बापाच्या मागे लागून त्याने हौसेने एक सावजी हॉटेल काढलं, एसी लावला, भिंतीवर बैलगाडीचं चाक लावलं. उद्घाटनाला काकांना शाल दिली, नारळ दिला. काकांनी शाल घेतली, नारळ घेतला, पोटभर जेवले आणि बाहेर पडून ग्रुपवर टाकलं, 'मसाला पाकिटातला, आणि मालकही पाकिटातलाच.' लोक आठवडाभर हसले. दिवाळीपर्यंत हॉटेलला कुलूप लागलं. तरी केयूर भेटला की वाकून नमस्कार करायचा, काका, तुमचं बरोबरच होतं म्हणायचा. काकांना वाटायचं, पोरगं संस्कारी आहे.

घरी मात्र ह्या जिभेचा प्रसाद एकटीला मिळायचा, रंभाबाईंना. लग्न झाल्यापासून ताट पुढ्यात आलं की श्रीधरराव पहिला घास घेणार, क्षणभर थांबणार आणि सांगणार, कांदा करपला. खसखस कच्ची राहिली. तुझ्या मायनं तुले हेच शिकवलं का? मग ताट सरकवून मोटरसायकलला किक. उरलेलं रंभाबाई चुलीशी बसून खायच्या. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही बाहेर जेवायला नेलं नाही या माणसाने. एकदा त्यांनीच विचारलं होतं, तर म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं?" पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

आणि मग तो ताप आला. तो सगळ्यांनाच आला होता, सगळ्यांचीच चव गेली होती, महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यांची परत आली. श्रीधररावांची आली नाही. तिखट लागायचं, खारट लागायचं, गोड लागायचं, बस. वास म्हणून जो काही प्रकार असतो तो साफ गेला. रोज सकाळी संडासात जाऊन हा माणूस फिनाइलच्या बाटलीत नाक घालायचा आणि तसाच परत यायचा. मटण म्हणजे तिखट लावलेलं रबर झालं. डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण डॉक्टरचा भाचा तर्री मंडळात होता. उद्या हे बाहेर फुटलं तर आपल्याकडे राहतं काय? पेन्शन आणि ढेरी. काकांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते आठवणीतून लिहीत राहिले.

रंभाबाईंच्या लक्षात आलं ते दुधामुळे. दूध गॅसवर ठेवून त्या गच्चीवर वड्या वाळत घालायला गेल्या. श्रीधरराव तिथेच गॅसपासून हातभर अंतरावर खुर्चीत बसून कोणाला तरी चांगल्या खिमा-गोळीचा पत्ता सांगत होते. दूध आटलं, तळाला लागलं, जळून कोळसा झालं. शेजारीण जिन्यातूनच ओरडत आली, काय जळून राहिलं गा तुमच्या घरी? रंभाबाई धावत खाली आल्या तर नवरा फोनवर बोट फिरवत शांत बसलेला. त्यांनी गॅस बंद केला आणि पातेलं नळाखाली धरलं. त्या दिवशी त्यांनी भाजी मुद्दाम करपवली. श्रीधररावांनी दोन वेळा मागून घेतली.

आठवणीवर किती दिवस निभणार? इतवारीतल्या एका जुन्या भोजनालयाची काकांनी तोंड भरून तारीफ केली आणि खाली कोणीतरी लिहिलं, 'काका, तिथला आचारी तर केव्हाचाच गेला, आता नुसतं तिखट पाणी देतात.' काकांनी कसंबसं सारवलं.

दुसऱ्याच दिवशी बायकोसमोर येऊन उभे राहिले.

"अवं, चालतं का बाहेर जेवाले?"

रंभाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "मी?"

"सर्दीनं नाक बंद आहे माह्यं. तू जरा चाखून सांगजो कसं आहे ते."

"कोणत्या सालची सर्दी होय ही?"

"चालतं का नाही ते सांग."

गेल्या. जाणार नाहीत तर काय, पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. लग्नातली ठेवणीतली साडी काढली. टेबलाशी बसल्यावर हात कुठे ठेवावा ते समजेना. पण घास तोंडात गेला आणि बाई बोलायला लागल्या. उभा जन्म शिव्या ऐकून ऐकून त्या शब्दांची त्यांना सवय झाली होती, तेच शब्द आता त्या दुसऱ्यांच्या स्वयंपाकाला लावत होत्या. श्रीधरराव टेबलाखाली फोन धरून सगळं टिपून घ्यायचे आणि घरी येऊन आपल्या नावावर टाकायचे. ग्रुप खूश. काका, तुम्ही तर आता जास्तच रंगात आले! रविवार जवळ आला की रंभाबाई शनिवारीच साडीला इस्त्री करून ठेवायच्या. त्यांना वाटायला लागलं होतं की म्हातारपणी का होईना, आपला संसार सुरू झाला. बिचारी.

एक दिवस ग्रुपवर कोणीतरी विचारलं, काका, काकूंच्या हातचं कधी खाऊ घालता? श्रीधररावांनी उत्तर टाकलं आणि ते त्यांना इतकं आवडलं की मोठ्याने वाचून दाखवलं, तेही बायकोलाच. "ऐक वं. 'आमच्या घरी फक्त पोट भरते. चव पाहिजे असंल तर बाहेर भेटा.' कसं आहे?" आणि मांडीवर थाप मारून हसले.

रंभाबाई मेथी निवडत होत्या. "चांगलं आहे," म्हणाल्या. मेथी निवडून झाली, देठं गोळा केली, उठल्या. पुढे दोन-तीनदा श्रीधररावांना त्या फोनवर हळू आवाजात बोलताना दिसल्या. "कोण होय?" तर म्हणे, "कामिनी. केयूरची बायको. भाजीचं विचारून राहिली." अशाच एका रविवारी हॉटेलात भेट झाली तेव्हा कामिनीने त्यांचा नंबर घेतला होता. बायकांच्या भाजीत श्रीधररावांना काय रस!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. शहरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि घरोघरी मटण शिजतं. तर्री मंडळाची कर दरवर्षी केयूरच्या रामटेक रोडवरच्या शेतात व्हायची. मंडळातलेच कोणी तीन हंड्या शिजवणार, कोणाची कोणती ते गुप्त, आणि काका चाखून निकाल देणार. काकांना फेटा बांधायचे, खुर्चीत बसवायचे. वर्षातला हा एक दिवस त्या माणसाचा होता. आणि ह्या वर्षी त्याला त्या दिवसाचीच भीती वाटत होती. हॉटेलात बायकोला विचारता येतं, इथे शंभर डोळे.

पण केयूरनेच वाट मोकळी केली. "काका, काकूंनाही आणा. त्याच वाढतील तुमाले."

श्रीधररावांना आनंदाने रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. घरी ठरलं: रंभाबाई हंडीतून वाटी भरणार, तिथेच बोटाने चाखणार आणि वाटी हातात देताना कानाशी सांगणार. "नीट सांगजो. इज्जतीचा सवाल आहे."

"हाव," रंभाबाई म्हणाल्या. करीच्या दिवशी कामिनीला मदत करायची म्हणून त्या सकाळीच तिच्या गाडीतून शेतावर गेल्या.

पहिली वाटी आली. "खसखस कच्ची. कांदा चांगला भाजला." काकांनी भुरका मारला, डोळे मिटले, थोडं थांबले, कारण थांबण्याची कला अजून शाबूत होती, आणि तेच चार वाक्यांत फुलवून सांगितलं. टाळ्या पडल्या. दुसरी वाटी. "तेल जुनं आहे, मटण कवळं." पुन्हा टाळ्या. फेट्याखालून घाम वाहत होता, पण छाती फुगली होती. निभलं. अजून एकच वाटी, मग वर्षभर बघायला नको.

तिसरी वाटी देताना रंभाबाई जरा जास्त वाकल्या. "लाखात एक. दगडफूल पाहा, अन् जवसाचं तेल. असं मी कुठीच खाल्लं नाही."

काळा कुळकुळीत रस्सा. काकांनी घोट घेतला. घशाला आग लागली, कान तापले, थोडं कडसर लागलं. ते एवढंच सांगून थांबले असते तरी चाललं असतं. पण यश डोक्यात गेलं होतं. "पोरहो, याले म्हणतात सावजी," ते म्हणाले. "दगडफूल असं पडलं आहे की अंगावर येत नाही, मागून येते. जवसाचं तेल घाण्याचं. खोबरं चुलीवर भाजलेलं, गॅसवर नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी फोन वर धरले होते.

"दगडफूल कुठचं असंल काका?" केयूरने अगदी नम्रपणे विचारलं.

"इतवारीचं. अन् यंदाचं. जुन्याले असा वास नाही राहत."

तिथे कामिनीला हसू आवरेना. ती तोंडाला पदर लावून खालीच बसली. मग एकेकजण सुटले. केयूर हसला नाही. तो पुढे येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, यात तिखट, मीठ, तेल आहे. रंगासाठी चहापत्तीचं पाणी आहे. मसाला चिमूटभर पण नाही."

"कोणी केली?" श्रीधररावांनी विचारलं.

"मी," रंभाबाई म्हणाल्या. पळी अजून त्यांच्या हातातच होती.

आता तरी उठून जावं की नाही माणसाने? पण नाही. "मले समजलं होतं," ते म्हणाले, "मी तुमची मजा करून राहिलो होतो." केयूरला तेवढंच हवं होतं. "असं का? मग डोळे मिटा काका, एक शेवटचं ओळखा." आणि त्या माणसाने, राजेहो, डोळे मिटले. फेट्यासकट मान वर केली. केयूरने नाकाशी काहीतरी धरलं. श्रीधररावांनी जीव खाऊन श्वास ओढला, पुन्हा ओढला. "खोबरं," ते म्हणाले. "सुकं खोबरं." डोळे उघडले तर केयूरच्या हातात त्याचा पायमोजा होता.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत नागपूरभर फिरला. ग्रुपमधून त्यांना काढलं नाही, एवढी दया कोण करतो? नाव ठेवलं, 'खोबरं काका'. आणि खाली दिसलं, केयूरने रंभाबाईंना ग्रुपमध्ये घेतलं.

मोटरसायकलवरून दोघं घरी आली. दुसरा दिवस गेला, तिसराही गेला. लोक ग्रुपवर रंभाबाईंना विचारायला लागले, काकू, आलूबोंडा कुठचा चांगला, पाटोडीचं बेसन कुठून आणावं. त्या पोळ्या लाटता लाटता आवाज रेकॉर्ड करून उत्तरं द्यायच्या. कामिनी गाडी घेऊन न्यायला यायची. श्रीधरराव खिडकीतून गाडी जाताना पाहायचे.

एका दुपारी त्या जेवायला वाढत होत्या तेव्हा त्यांना राहवलं नाही. "मले वास येत नाही वं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कोणापुढे उच्चारलं नव्हतं, स्वतःपुढेसुद्धा नाही. "त्या तापापासून काहीच येत नाही. फुलाचा नाही, घाणीचा नाही. जेवतो तं माती खाल्ल्यासारखं वाटते. मले लय भेव लागते."

रंभाबाईंनी वाढणं थांबवलं नाही. "माहीत आहे मले. दूध जळलं तवापासून माहीत आहे."

"मग तू काहून केलं असं?"

"तुमाले वास येत नाही म्हणूनच तं करता आलं."

त्यांनी भाजी ताटात घातली, शेजारी भाकर ठेवली, पाण्याचा गिलास भरला. श्रीधररावांनी पहिला घास घेतला आणि सवयीने क्षणभर थांबले. समोर रंभाबाई हात धुऊन पदराला पुसत होत्या.

"परवाची आहे ती," त्या म्हणाल्या. "आंबली आहे. ताजी केली होती सकाळी, ते मी अन् कामिनीनं खाऊन घेतली. तुमाले काय फरक पडते?"

श्रीधररावांनी ताटाकडे पाहिलं. भूक लागली होती. त्यांनी ती भाजी भाकरीसोबत संपवली.