सालोमी टीचरचा पहिला धडा

फेब्रुवारी अर्धा सरला तरी सकाळचा गारठा वाडीतून हलायला तयार नव्हता. आठ वाजता कुठं ऊन विहिरीच्या काठावर आलं, तेव्हा सालोमी टीचरनी सुकेळ्यांच्या कामाला हात घातला. पिकलेली राजेळी केळी सोलायची, चटईवर सुटी सुटी मांडायची, दुपारी उलटायची, सांजेला गोळा करून झाकायची. असं आठवडाभर ऊन खाल्लं की मग कुठं त्यांना मधासारखा रंग चढतो. आज मात्र बोटं केळ्यांत आणि डोळे खिडकीत टेकवून ठेवलेल्या मोबाइलकडे.

"आय, भाकरी गरम आहे. बोंबलाची चटणी पण केलीय," सून प्रिन्सी दारातून म्हणाली.

"साडेनवाचं होऊ दे आधी."

"काल रात्री पण हेच."

"तिला घास उतरायचा नाही आज," ओटीवर झोपाळ्यात बसलेला प्लासिड, म्हणजे टीचरचा नवरा, बोलला. "मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे ना!"

साडेनवाला व्हिएतनामहून व्हिडिओ कॉल यायचा होता. टीचरना दुसऱ्या वर्षी तिथल्या शाळेत शिकवायला बोलवायचं की नाही, ते त्यात ठरणार होतं.

तेहेतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवून टीचर रिटायर झाल्या होत्या. त्यांची भाची जोआना तिकडच्या एका लहानशा गावात शिकवायची. तिचं लग्न ठरलं, वर्ग मोकळा पडला, आणि तिनं मावशीचं नाव सुचवलं. "चाळीस वर्षांत माझं इंग्लिश सुधारलं नाही तुझ्यानं, त्यांचं काय सुधारणार?" असं प्लासिडनं विमानतळापर्यंत ऐकवलं. टीचर गेल्याच. बॅगेत चार साड्या, रोझरी आणि दोन किलो सुके बोंबील.

पहिले पंधरा दिवस पोरं दगडासारखी गप्प. पुस्तकातला पहिला धडा 'हाऊ आर यू'. टीचर विचारायच्या, पोरं 'फाइन थँक्यू' म्हणून खाली बघायची. खोलीवर तर बोलायला भिंतच. एका रविवारी जीव कंटाळला म्हणून त्यांनी बोंबील भाजायला घेतले. इकडं गोखिवऱ्याला लेकीच्या बिल्डिंगमध्ये बोंबील भाजला की सोसायटीचा सेक्रेटरी बेल वाजवतो. तिकडंही दारावर थाप पडलीच. गॅस बंद करून, "सॉरी, सॉरी" करत टीचरनी दार उघडलं. दारात शाळेतली स्वयंपाकीण होआ, हातात स्वतःची सुकी मासळी घेऊन! आत आली, तव्यातला एक बोंबील उचलला, चावून बघितला आणि मांडी घालून बसलीच.

एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. पण दर रविवारी दोघी चर्चमध्ये मिस्साला शेजारी बसायच्या, रोझरीचे मणी बरोबर सरकायचे. भेटली की होआ तिच्या भाषेत एकच गोष्ट विचारायची. टीचरनी तेवढं पाठ करून जोआनाला फोनवर म्हणून दाखवलं.

"मावशी, ती विचारते, जेवलीस का?"

"आता गं बाई! ही तर आपल्याच आळीतली निघाली!"

दुसऱ्या दिवशी टीचरनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर लिहिलं, 'हॅव यू ईटन?' मागच्या बाकावर एक मुलगी होती, स्वतःचं नावसुद्धा धड न सांगणारी. ती उठली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत सुटली: काय खाल्लं, कुणी रांधलं, धाकट्या भावानं किती सांडलं. मग बत्तीसच्या बत्तीस तोंडं सुटली, ती आवरेनात.

नोव्हेंबरात मोठ्या ऑफिसचे साहेब तपासणीला आले. "हाऊ आर यू, चिल्ड्रन?" पोरं एका सुरात, "हॅव यू ईटन, सर?" साहेब बिचारे खरं बोलले, "नो." झालं! पोरांनी त्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं, आणि होआनं दोन वाडगे भात खाऊ घातल्यावरच सोडलं. तपासणी राहिली बाजूला. साहेबांनी शेरा मारला, 'बाई अभ्यासक्रम सोडून शिकवतात.' नाताळाला टीचर घरी निघाल्या तेव्हा पुढचं काहीच नक्की नव्हतं. होआ बसस्टँडवर ढसाढसा रडली. तिच्याकडे ना पासपोर्ट, ना रजा. भेट व्हायची तर टीचरनीच जायला हवं होतं.

बरोबर साडेनवाला मोबाइल वाजला. पडद्यावर लान, शाळेची नवी, तरणी मॅनेजर. तेवढ्यात केळीचे घड घेऊन हरेश्वर टेम्पोवाला अंगणात शिरला.

"बाई, जरा पानी द्या. कोन हाय ही?"

"श्श! परीक्षा चाललीय," प्लासिड म्हणाला.

"कोनाची?"

"बाईंची!"

लान इंग्रजीत अदबीनं सांगत होती, "मॅडम, एकच अट. पहिल्या दिवसापासून पुस्तकाप्रमाणे शिकवायचं. ते जेवणाचं विचारायचं नाही. कबूल?"

"पुस्तक सगळं शिकवीन," टीचर म्हणाल्या. "पण विचारणार नाही असं कसं सांगू? तोंडातून आपसूक निघतं. आज कबूल करायचं नि उद्या मोडायचं, मग कन्फेशनला फादरना काय सांगू?"

झोपाळ्याची कुरकुर थांबली.

तिकडं अकरा वाजले होते, पोरांच्या जेवणाची वेळ. लानच्या मागून भांड्यांचा आवाज आला आणि पळी हातात घेऊन होआ पडद्यात घुसली. तिला येणारं सगळं इंग्रजी तिनं एका दमात ओतलं, "सालोमीऽऽ! हॅव यू ईटन?"

"नो," टीचर म्हणाल्या. खोटं कसं बोलणार?

होआ गर्रकन लानकडे वळली. पळी नाचवत असा तोंडाचा पट्टा सोडला की हरेश्वर पाणी प्यायचा थांबला.

"काय म्हणतेय गं?" प्लासिडनं विचारलं.

"कळत नाही. पण ओरडतेय अगदी तुमच्या आईसारखी."

लानचे कान लाल झाले होते. "मॅडम, या म्हणतात, टीचरला उपाशी बसवून कसली मुलाखत घेतेस? माझ्या आईकडे माझी तक्रार करणार आहेत." मग तिला स्वतःलाच हसू फुटलं. "तुम्ही आधी खाऊन घ्या. वरच्यांशी मी बोलते. कराराचा कागद संध्याकाळी पाठवते, जूनमध्ये या. पण पुस्तक पुरं व्हायला पाहिजे हं."

"तेहेतीस वर्षं पोर्शन पुरा केलाय मी, पोरी!"

फोन ठेवल्यावर प्रिन्सीनं भाकरी पुढ्यात आणून ठेवली. प्लासिड खाली उतरून चटईशी आला. उगाच दोन केळी इकडची तिकडं केली.

"मी आलो तिकडं, तर ती बाई मलाही घालील का जेवायला?"

"घालील. आधी इंग्लिशमध्ये विचारील मात्र."

"तेवढं येतं मला."

तेवढ्यात चटईच्या कोपऱ्यावर कावळा उतरला. घास गालात तसाच ठेवून टीचर "हाऽऽड!" करत धावल्या, चोच लागलेलं केळं उचलून बाजूला टाकलं, आणि राहिलेला घड पुढ्यात ओढून सोलायला बसल्या.